डावा मागचा

सहाच्या आत सुरू करायचं ठरवलं होतं.
नागपुरात मे महिन्यात नऊनंतर
गाडीच्या पत्र्याला हात लावणं म्हणजे तव्याला लावणं.
तरी सात वाजलेच.

जरीपटक्याचा परसराम म्हणाला होता,
"भैया, छोड जाओ, आठसौ में कर दूंगा."
मी खोका काखेत मारून निघालो.
आठशेचा प्रश्न नव्हता.
ही एस्टीम बाबांची,
तिच्या आत परसरामने बघावं असं
का कुणास ठाऊक, मला नको होतं.

आधी मागची सीट काढावी लागते.
खाली दोन बोल्ट, मग वर उचलून एक झटका.
झटका माझा चुकला, पाठीतून कळ गेली.
सीटखाली निघालं: केसांचा एक आकडा,
संत्र्याची साल, वाळून चामड्याची झालेली,
कोराडीच्या कँटीनचं कुपन,
आणि चार आणे, ज्याचं आता काहीच येत नाही.

उजवा सोपा गेला.
कडेचा फोम बोट लागताच भुगा,
जळका पापड चुरावा तसा.
चार स्क्रू. तिसऱ्याचा माथा झिजलेला,
मध्ये रबराचा तुकडा धरून फिरवला.
नव्या स्पीकरला पेन्सिल सेल टेकवला,
कागद पुढे आला म्हणजे ते प्लस.
हे बाबांचं. मी शाळेत असताना शिकवलेलं,
कशासाठी ते सांगितलं नव्हतं.

मग डावा.
डावा मागचा बारा वर्षं मुका.
घरात म्हणायचो, तो गेला.
कसा गेला, कोणी विचारलं नाही.
मोक्षधाम घाटावरून परत येताना
रेडिओ बंद होता,
बंद असला की चारही सारखेच.

डिकीत पाठीवर आडवा झालो, टॉर्च दातांत,
घाम कानात. बघतो तर
वायर तुटलेली नाही.
सोडवलेली आहे.
दोन्ही टोकं वेगवेगळी, काळ्या टेपने
वेढ्यावर अर्धा वेढा देत गुंडाळलेली,
आणि टेपचं शेवट दुमडून ठेवलेलं,
पुढच्याला नखात धरता यावं म्हणून.
असं दुमडणारा मी एकच माणूस बघितला.
आमच्या घरची इस्त्री, कूलरची मोटर, देवघरातला दिवा,
सगळ्यांच्या वायरीवर ती घडी आहे.

तसाच पडून राहिलो.
शेजारच्या खोब्रागडेंनी विचारलं,
"काय झालं गा, अडकला काय?"
नाही म्हणालो, पण टॉर्च दातांत,
त्यांना "आई" ऐकू गेलं असावं,
कारण ते आईलाच घेऊन आले.

आईने वाकून बघितलं.
"अव माय, ते! मीच म्हणली होती तुह्या बाबाले.
काटोलले लग्नाले चाललो होतो, डोकं ठणकत होतं माहं,
अन् हे कानाशीच बोंबलत होतं. म्हणलं, बंद करा याले.
फेटरीच्या पुढं गाडी थांबवून काढून देल्लं त्यायनं."
"मग परत का नाही जोडलं?"
"मी सांगतलंच नाही.
अन् त्यायनं इचारलंच नाही."
आणि ती कूलरमध्ये पाणी भरायला गेली.

घडी नखात धरली. टेप एका ओढीत सुटला,
कालच लावल्यासारखा.
प्लस प्लसला. मायनस मायनसला.
साडेदहाला सीट बसली. एक क्लिप उरली,
कुठली ते कळलं नाही, खिशात टाकली.

संध्याकाळी फुटाळ्याकडे चक्कर.
आई मागे, डावीकडे, तिच्या जागेवर.
पुढची सीट आता रिकामी असते,
तरी ती पुढे येत नाही.
इतवारीतल्या गाद्यांच्या दुकानाची जाहिरात
बारा वर्षांनी डावीकडूनही वाजली.
मी आरशात बघितलं.
ती काही बोलली नाही,
फक्त पदर कानावरून घेतला.

लॉ कॉलेज चौकात सिग्नल लाल होता.
मी बॅलन्सचं बटण
तीन घरं उजवीकडे फिरवलं.